गळ्याचं माप

विरूपाक्ष हलकुडेला या प्रकरणात काय काय मिळायचं होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर माणूस जरा हळवा दिसला की लोक त्याला फुकटात मोठा करून ठेवतात. लातूरच्या क्लासेसच्या भागात, जिथं एकाच बोळात चार जण न्यूटन शिकवतात आणि पाचवा त्यांच्या नोट्स झेरॉक्स करून विकतो, तिथं त्याला त्या पाचांहून वेगळं नाव मिळायचं होतं. अमेरिकेत ओहायोमध्ये एक निवृत्त शाळामास्तरीण युद्धाविरुद्ध ब्लॉग लिहायची, तो म्हणे वॉशिंग्टनचे लोकही सकाळी उघडून बघायचे. तिच्या पानावर त्याच्या 'दगडाखालून' या ब्लॉगची लिंक लागायची होती, आणि ती लागलीही. पाठोपाठ एका इंग्रजी साप्ताहिकाची मुलाखत यायची होती. क्लासचे मालक विनोद सर त्याचा फोटो फ्लेक्सवर टाकणार होते, टॉपर पोरांच्याही वरच्या ओळीत. आणि एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. तेरा वर्षांपूर्वीच्या एका फोटोत एक माणूस हसला होता, त्या माणसाला आपण अखेर जाब विचारला, एवढी समजूत त्याला स्वतःपुरती हवी होती. हे सगळं जमेला धरून गुरुवारी दुपारी तो डाउट सेशनला उभा होता. खिडकीतून समोरच्या क्लासच्या केमिस्ट्रीच्या सरांचा आवाज इकडं येत होता, आणि इकडचा बहुतेक तिकडं जात असणार. पोरांना दोन्ही सवयीचे झाले होते. मुलींच्या बाजूच्या दुसऱ्या बाकावरून तूबा उठली. औशाहून रोज एस.टी.नं येणारी ही मुलगी वर्षभरात कधी डाउट घेऊन उभी राहिलेली त्याला आठवत नव्हती. वही न उघडता ती म्हणाली, "सर, अब्बूंचं वय सत्तेचाळीस आहे. तुम्ही सेहेचाळीस लिहिलंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, हे कोणत्या चॅप्टरमधी हाय?" आणि सगळा वर्ग हसला. विरूपाक्षही हसला, कारण वर्ग हसला की मास्तरानं हसायचं असतं, नाहीतर वर्ग हातातून जातो. तूबा हसली नाही. "बस तू. नंतर बघू," तो म्हणाला. "नंतर नको सर. मी उद्यापासून येणार नाही. तेवढं दुरुस्त करा," असं म्हणून तिनं पिशवी खांद्याला लावली आणि दोन बाकांमधून, चप्पल वाजणार नाही अशी, चालत बाहेर गेली. तो फळ्याकडं वळला. भिंगाचं गणित अर्धं राहिलं होतं. खडू फळ्याला लागला तसा कर्र आवाज झाला आणि त्याच्या दाढांमध्ये काहीतरी आंबट पसरलं. सेहेचाळीस. हा आकडा त्यानं वर्गात कधी उच्चारला नव्हता. तो इंग्रजीत लिहिला होता, ओहायोच्या बाईसाठी, आणि मग मराठीत, जे त्याच्या मते पुण्यातली आणि अमेरिकेतली मिळून वीसेक रिकामटेकडी माणसं वाचायची. औसा त्यात कुठून आलं? पोरं उतरवून घेत होती. तो उलट्या प्रतिमेची खूण काढत राहिला आणि त्याला वाटत राहिलं की आपण आत्ता नेमकं काय शिकवतोय ते कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

उत्तर कॉरिडॉरमध्येच मिळालं. विनोद सर वर्तमानपत्राची घडी दंडुक्यासारखी हलवत आले. "हलकुडे सर, लई भारी! नांदेडच्या पेपरानं छापलंय की तुमचं! आता कोण म्हणतंय आपण फक्त सीईटी करून घेतो म्हणून?" त्यांनी पानच उघडून धरलं. परवाचा अंक. मराठी मजकूर जसाच्या तसा उचललेला होता. वर त्यांच्या कुणा उपसंपादकानं मथळा ठोकला होता: 'औशाचा शिंपी इराकच्या छावणीत'. त्याखाली त्याचीच वाक्यं, त्याच्याच स्वल्पविरामांसह. औशाच्या किल्ल्यामागच्या गल्लीत ज्याचं दुकान आहे असा क. हा सेहेचाळीस वर्षांचा शिंपी. ज्याचे वडीलही त्याच दुकानात शेरवान्या शिवायचे. ज्याची मुलगी बारावीला लातुरात शिकते आणि ज्याचा मुलगा आजही त्याच छावणीत, त्याच यंत्रावर बसतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर या ओळी किती सज्जन दिसल्या होत्या. न्यूजप्रिंटवर, शेजारी मोंढ्याचे भाव आणि अर्धापूरच्या केळीची बातमी असताना, त्या पत्त्यासारख्या दिसत होत्या. पाकिटावर लिहितात तशा. "फोटो पाठवा सर मला, सूटमधला," विनोद सर म्हणत होते. "आंतरराष्ट्रीय विचारवंत असं टाकू खाली. का पत्रकार टाकू? पालकांना काय बरं वाटंल?" विरूपाक्ष म्हणाला, मला जरा औशाला जाऊन यायचंय. "आत्ता? चारची बॅच हाय की तुमची!" तो जिना उतरत होता.

औशाचा रस्ता सरळ आहे आणि सरळ रस्त्यावर माणसाला विचार करावाच लागतो. गाडी चालवताना तो स्वतःशी भांडत होता, आणि भांडणात दोन्ही बाजू त्याच्याच असल्यामुळं कुणी हरत नव्हतं. मी नाव दिलं नाही. नाव दिलं नाही म्हणजे शब्द पाळला. मग हे काय होतं? हे, म्हटलं तर, जून महिन्याचं काम होतं. निकाल लागला की विनोद सरांसाठी जाहिरातीचा मजकूर तोच लिहायचा. लातुरात नुसता पोराचा फोटो आणि मार्क छापून चालत नाही. एकच पोरगा दोन क्लासेसच्या फ्लेक्सवर हसताना लोकांनी बघितलेला असतो, म्हणून पालक विचारतात: गाव कोणतं, गल्ली कोणती, बाप काय करतो? हिमायतनगरहून एक पालक एकदा थेट टॉपरच्या गावी जाऊन, त्याच्या आईच्या हातचं पाणी पिऊन, खात्री करून आला होता आणि मगच त्यानं मुलाचा प्रवेश घेतला. तेव्हापासून विरूपाक्ष सगळं लिहायचा. वडील हमाल, आई अंगणवाडीत, घर देवळामागं. जितकी बारीक खूण तितका पोरगा खरा. ओहायोच्या बाईनं जेव्हा विचारलं, तुझा हा माणूस खरा आहे हे माझ्या वाचकांनी कशावरून मानायचं, तेव्हा त्याच्या बोटांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. बोटांनी जूनसारखं लिहिलं आणि वरून नाव तेवढं खोडलं. अमेरिकेत नाव खोडलं की माणूस खोडला जात असेल. औशात माणसाला नावानं ओळखतो कोण? तिथं किल्ल्यामागचा शेरवानीवाला म्हटलं की पोस्टमनसुद्धा सायकल वळवतो.

उसाचा एक ट्रॅक्टर पुढं आडवा चालला होता. त्याच्या मागं त्याला गाडी हळू करावी लागली आणि हळू झालं की नेहमी येतं तेच आलं. हा रस्ता पुढं आणखी खाली, तेरणेकडं जातो. त्या वर्षी तो लातुरात बारावीला होता आणि गणपतीसाठी माहेरी आलेली अक्का विसर्जन झाल्यावरही ती रात्र राहिली होती, भावाला भेटून जाते म्हणून. आणि भाऊ आला नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये टेस्ट होती. पहाटे हॉस्टेलची कॉट हलली. दुपारी कुणाच्या तरी ट्रकमधून तो गावाशी उतरला तेव्हा गाव नव्हतं, काळ्या दगडांचा एक मोठा ढीग होता आणि ढिगातून माती अजून धुरासारखी वर येत होती. अक्काला काढायला तिसरा दिवस लागला. तोवर बाहेरून माणसं आली होती, बॅनर लावलेल्या जीपमधून, आणि त्यांनी खरंच काम केलं; हे तो नेहमी आधी सांगतो. त्यांनी हातांनी दगड उचलले. मग बाज उचलताना कुणीतरी 'एक मिनिट' म्हणालं. सगळ्यांच्या नाकांवर रुमाल होते. बाजेच्या डोक्याकडच्या माणसानं तेवढ्यासाठी रुमाल हनुवटीखाली ओढला आणि कॅमेऱ्याकडं बघून हसला. मोठं हसू नव्हतं ते. लग्नात ग्रुप फोटोला हसतात तसं होतं. अक्काचा एक हात बाजेच्या बाहेर होता. पुढं तो फोटो छापून आला आणि खाली त्या संस्थेचं नाव होतं, हसणाऱ्याचं नव्हतं. विरूपाक्षनं पुढच्या तेरा वर्षांत किती तरी जेवणावळींत, स्टँडवर, बँकेच्या रांगेत तो चेहरा शोधला. विचारायचं एकच होतं: तेव्हा वास येत नव्हता का?

म्हणून दोन वर्षांपूर्वी गांधी चौकातल्या सायबर कॅफेमध्ये, दोन्ही बाजूंना पोरं ऑनलाइन फॉर्म भरत असताना, बगदादजवळच्या तुरुंगातले ते फोटो त्याच्या पडद्यावर वरून खाली हळूहळू उघडत गेले, तेव्हा त्यानं उघड्या माणसांच्या ढिगाकडं आधी बघितलंच नाही. तो ढिगामागं उभ्या असलेल्यांचे चेहरे बघत होता. अंगठा वर केलेले. लग्नातलं हसू. नेट संथ होतं, चेहरे आधी आले आणि शरीरं मागून. त्याच दिवशी त्यानं ब्लॉग काढला. त्याचं इंग्रजी पुस्तकी होतं पण राग अस्सल होता, आणि त्या काळी ब्लॉगांच्या जगात एवढ्यावर चालून जायचं. तिथंही एक बोळच होता, लातूरसारखा: इकडचे चार जण सरकारला गुन्हेगार म्हणायचे, समोरचे चार जण त्यांना देशद्रोही म्हणायचे, दोघांचे आवाज एकमेकांत मिसळायचे, आणि कुणाकडं किती गर्दी यावर खरं कोण ते ठरायचं. तो तिथं रमला. कोणत्या सेनापतीनं कोणत्या कागदावर सही केली, चौकशी समितीनं खालच्या शिपायांवर बोट ठेवून वरच्यांना कसं सोडलं, हे त्याला तोंडपाठ झालं. आपल्या जिल्ह्यातल्या पुनर्वसनाच्या घरांना भेगा का पडल्या याची चौकशी त्यानं कधी केली नाही. पण ते असो, लांबच्या सरकारला जाब विचारायला वाट वाकडी करावी लागत नाही, हेही एक आहेच.

करीम त्याच्याकडं तूबाच्या प्रवेशासाठी आला होता. बोलता बोलता निघालं की तो कुवेतला वर्षभर होता. कुवेतला म्हणजे कागदावर. एजंटानं कुवेतचा व्हिसा काढला, तिथून बसमध्ये घालून सरहद्दीपलीकडं नेलं, आणि पासपोर्टवर इराकला जायची मनाई असा आपल्याच सरकारचा शिक्का असलेला हा माणूस अमेरिकन फौजेच्या एका छावणीत शिलाई यंत्रावर बसला. आधी त्यानं वर्द्यांची बटणं लावली. मग तंबूचं हिरवं जाड कापड आलं. "सुपरवायझर म्हनला, पिशव्या शिव," करीम सांगत होता. ते क्लासखालच्या हॉटेलात बसले होते आणि चहावर साय धरली होती. "शिंप्याला माप तर लागतंच की सर. म्हनलं कशाची पिशवी? म्हने, बटाट्याची. मी शिवल्या. पर नाडी खाली घालायला लावली. बटाट्याच्या पिशवीला नाडी कोन खाली घालतंय?" मग एकदा आतल्या आवारात फाटलेल्या तंबूला टाके घालायला त्याला नेलं. तिथं माणसं ओळीनं गुडघ्यांवर बसवलेली होती, हात मागं, आणि डोक्यावर त्याच्या पिशव्या. "येक जन खोकत व्हता. कापड तोंडाशी आत जायचं, भाईर यायचं. आत जायचं, भाईर यायचं. लई जाड कापड सर ते. पानी बी गळत न्हाई त्यातून." करीमनं बोट स्वतःच्या गळ्याशी नेलं, कॉलर आणि कातडीच्या मधे घातलं. "तवापासनं मी गळा दोन बोटं ढिला धरला. सुपरवायझर वराडला. म्हनलं, यंत्रच असं हाय." विरूपाक्षच्या अंगावर काटा आला होता, आणि त्याच क्षणी, हेही खोटं नाही, त्याला पोस्टचं पहिलं वाक्य सुचलं होतं.

"पर आत्ता न्हाई," करीम म्हणाला होता. "अरीब तिथं हाय. माझ्या जागी गेला त्यो. पोरगं घरी येऊ द्या, मग माझं नाव बी टाका, फोटो बी टाका. मी हुबा राहतो कोनापुढं बी." विरूपाक्षनं मान हलवली होती आणि मान हलवताना ती खरीच होती. पण मग बाईचं पत्र आलं: वॉशिंग्टनमध्ये समितीपुढं सुनावणी आहे, तुझा शिंपी आत्ता हवा, पुढल्या वर्षी त्याला कुणी विचारणार नाही. पत्राच्या शेवटी तिनं त्याचा फोटो मागितला होता. तो मेन रोडच्या स्टुडिओत गेला. फोटोवाल्यानं दिव्याची छत्री नीट केली, हनुवटी वर म्हणाला, आणि बटण दाबायच्या आधी म्हणाला, "सर, जरा हसा." तो हसला. आता ट्रॅक्टरच्या मागं, उसाचं पाचट तोंडावर उडत असताना, त्याला त्या हसण्याची लाज वाटायला हवी होती असं त्याला वाटलं. पण वाटली ती लाज नव्हती. ती भीती होती. आपण तेरा वर्षं शोधलेल्या माणसाकडं कदाचित सांगण्यासारखं काही नसेलच. कॅमेरा वर आला, चेहरा हसला, एवढंच झालं असेल. मग जाब कुणाला विचारायचा?

किल्ल्यामागच्या गल्लीत करीमच्या दुकानाचं शटर खाली होतं. शेजारच्या पानवाल्यानं त्याच्याकडं बघितलं आणि न विचारताच घराकडं बोट केलं. म्हणजे आज बरेच जण विचारून गेले असावेत. दारात करीमची आई सुलतानबी मेथी निवडत बसली होती. त्याला बघून तिनं पदर सारखा केला. "आव बेटा, आव. तूबाचे सर ना तुम्ही? तिचं डोकं फिरलंय, क्लासला जानार न्हाई म्हनती. समजावा तिला." तिनं आत आवाज दिला, चहा आला, कप आणून देणाऱ्या हाताचं मनगट पडद्याआडच राहिलं. तो तूबाचाच हात असावा. "पोलिस येऊन गेले," सुलतानबी म्हणाली. "करीम कू घेऊन गेले. कसा गेलास, कुनी नेलं, बंदी हाय ठाऊक न्हवतं का? पासपोर्ट घेतला. आनि पोराचा फोन बंद. पेपरात आलं तवापासनं बंद. कोन मुर्दा लिवला की काय की! त्याचं काय बिघडवलं व्हतं आमी?" तिनं मेथीची काडी मोडली. "तुम्ही शिकलेले, बेटा. तुमाला कळंल. कोन हाय त्यो, बघा ना जरा." पडद्यामागं कुणीतरी श्वास घेतल्याचं त्याला ऐकू आलं. त्यानं बशीत चहा ओतला, कपानं पिता आला असता तरी. चहा गोड होता, पाहुण्याला करतात तसा. त्यानं तो तळापर्यंत प्यायला. पडदा मात्र उघडला नाही. पोरीनं त्याला आजीच्या तावडीत दिलं नाही, आणि हा उपकार त्याला कोणत्याही शिवीपेक्षा जड गेला.

करीम आला तो थेट दारात उभा राहिला. मेथी, बशी, सर. त्यानं सगळं एकदा बघून घेतलं. आईला म्हणाला, "सर तूबाचं बोलायला आलेत. आमी जरा भाईर बोलतो." किल्ल्याच्या खंदकाकडं दोघं चालत गेले. खंदकात बाभळी माजल्या होत्या आणि शेळ्या उतरल्या होत्या. विरूपाक्ष बोलत सुटला. पोस्ट काढून टाकतो. वकील बघतो. औरंगाबादला माझा मित्र आहे. कलेक्टरला भेटू, दिल्लीला लिहू, तिकडच्या आपल्या राजदूताला. हा गुन्हा तुझा नाहीच, ज्यांनी नेलं त्यांचा आहे, सरकारनं उत्तर दिलं पाहिजे. करीम ऐकत होता. मग म्हणाला, "सर, तुमी मला सरकारकडं नेऊन राहिले. मी सरकारकडूनच येऊन राहिलो." एक शेळी वर चढली, त्यांच्याकडं बघून परत उतरली. "तुमी तिथल्या सरकारला सवाल इचारला. झकास केलं. जवाब इथलं सरकार मला इचारतंय." त्याच्या आवाजात राग असता तर विरूपाक्षला बरं वाटलं असतं. करीम कापड फाडायच्या आधी बोलतात तसा बोलत होता, एकदा बोललं की बदलायचं नाही असा. "एजंटाचा फोन आल्ता. म्हने, पोरगं सुखरूप हाय, पर आत ठिवलंय. चौकशी चालू हाय म्हने, बाप काय बोलला, पोरगं काय बोललं. म्हने, ज्यानं लिवलं त्यानंच लिवावं की झूट हाय. इंग्रजीत बी, मराठीत बी. मी कुवेतच्या भाईर गेलोच न्हाई. पिशव्या न्हाईत, काई न्हाई. मंग पोरगं धाडतो."

"पण खरं आहे ना ते," विरूपाक्ष म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच आवाज वर्गातल्यासारखा लागला.

"खरं हाय म्हनूनच तर तुमाला झूट लिवावं लागंल. झूट असतं तर कशाला कोन म्हनलं असतं?" करीम किंचित हसलाही. "पोलिस बी खूश हुतील. मी गेलोच न्हाई म्हनल्यावर केस कशाची? तुमी बघा, सगळ्यांचं सोयीचं हाय."

आणि ते होतंच. परतीच्या रस्त्यावर विरूपाक्षनं ते सगळ्या बाजूंनी तपासलं, एखाद्या गणितात कुठंतरी चूक निघेल आणि उत्तर बदलेल अशा आशेनं. एजंट सुटत होता. ठाण्यातला साहेब सुटत होता. मनाईचा शिक्का मारणारं सरकार आणि पिशव्या शिवून घेणारं सरकार, दोन्ही सुटत होती. करीम सुटत होता, अरीब सुटत होता. एवढ्या लोकांना एका वाक्यात मोकळं करणारं खोटं त्याच्या हातात होतं, आणि ते न लिहायला त्याच्यापाशी फक्त एक तत्त्व होतं, जे त्यानं सायबर कॅफेमध्ये बसून कमावलं होतं. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथं बसला तेव्हा कर्सर बराच वेळ एकाच जागी लुकलुकत राहिला. शेजारचं पोरगं प्रिंट काढायला उठलं, परत आलं. अर्धवट खोटं चालणार नव्हतं. 'काही तपशिलांची खात्री होऊ शकली नाही' असं सभ्य वाक्य त्यानं लिहून बघितलं. त्यात फट होती, आणि फटीतून अरीब दिसत होता. म्हणून त्यानं पक्कं लिहिलं. असा शिंपी नाही. औशाच्या त्या दुकानदाराला मी ओळखत होतो, तो कुवेतमध्ये कामाला होता एवढं ऐकलं होतं, बाकी सगळं मी रचलं. हिरवं कापड मी रचलं. खोकणारा माणूस रचला. दोन बोटं ढिला गळा हा तपशील वाचकाला पटावा म्हणून घातला. इथं त्याचा हात थांबला. पोस्टमधलं बाकी सगळं करीमनं पाहिलेलं होतं, एवढी एकच गोष्ट त्यानं स्वतः केलेली होती. हे वाक्य गाळलं तरी चाललं असतं का? नाही. ओहायोच्या बाईनं नेमकं तेच ठळक करून छापलं होतं, हजारो लोकांनी तेच एकमेकांना पाठवलं होतं. खोडायचं तर तेच खोडायला हवं होतं. त्यानं ते ठेवलं आणि बटण दाबलं. मग तेच मराठीत लिहिलं, आणि नांदेडच्या पेपरलाही पाठवलं. त्यांनी तेही छापलं, आतल्या पानावर.

बाईचं पत्र एका ओळीचं होतं: तू काय केलंस ते तुला कळत नाही. त्याला कळत होतं, पण कळवता येत नव्हतं. ब्लॉगांच्या बोळातल्या समोरच्या बाजूनं आठवडाभर जल्लोष केला. भारतातल्या एका शिकवणीवाल्याची बनवाबनवी, छावण्यांबद्दलच्या सगळ्याच कहाण्या अशाच असतात, पुढच्या वेळी कुणी पिशव्यांबद्दल रडलं की याची आठवण द्या. समितीपुढं कुणी शिंप्याचा विषय काढला नाही. साप्ताहिकानं मुलाखत छापली नाही. विनोद सर म्हणाले, "सर, तुमाला सांगू? लिहायचंच असतं तर आपल्या क्लासबद्दल लिहायचं. मटेरियल काय कमी हाय का?" आणि फ्लेक्सवर त्याच्या जागी निलंग्याच्या एका पोराचा फोटो बसवला. अरीब महिनाभरानं मुंबईला उतरला. बापानं त्याला आणायला जाताना कुणाला सांगितलं नाही. तूबा समोरच्या क्लासमध्ये गेली. तिच्या नव्या सरांचा आवाज विरूपाक्षला खिडकीतून ऐकू येतो, आणि शिकवता शिकवता तो कधी कधी थांबतो, पलीकडं कुणी डाउट विचारतंय का ते ऐकायला.

तर हे सगळं कुणाला कितीला पडलं? ओहायोच्या बाईला एक पान पुसावं लागलं. एजंटाला काहीच नाही, त्याची बस अजून चालते. फौजेतल्या त्या सुपरवायझरचं नाव कुणी विचारलं नव्हतं, तेव्हा त्याला पडायचा प्रश्न नव्हता. सरकारांपैकी एकाला पडलं नाही आणि दुसऱ्याला पडता पडता राहिलं. विरूपाक्षचं नाव गेलं, पण लातुरात नाव दर जूनला नवं मिळतं. करीमला आपलं एक वर्ष द्यावं लागलं. त्या वर्षी तो कुठं होता हे आता तो स्वतःच्या घरातही मोठ्यानं म्हणत नाही. राहिले ते ओळीनं गुडघ्यांवर बसवलेले. साऱ्या जगात त्यांच्या बाजूनं बोलू शकणारा एकच माणूस त्या आवाराबाहेर पडला होता, औशाचा एक शिंपी, आणि तो तिथं कधी गेलाच नव्हता असं आता दोन भाषांत नोंदलेलं आहे. सगळं त्यांनीच भरलं. ते कोण होते, हे मात्र करीमलाही ठाऊक नव्हतं. त्यानं त्यांचे चेहरे पाहिलेच नव्हते.